काळा फॉल

एका बाईंच्या मुलीच्या लग्नाचा शालू होता. रंग गडद निळा, आम्ही ज्याला नेव्ही म्हणतो तो, आणि बोटभर जरीचा काठ. त्याला मी काळा फॉल लावून दिला. बाई घरी जाऊन परत आल्या तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते. पिशवीतून साडी काढली, काठ उलटा करून माझ्यापुढे धरला आणि एवढंच म्हणाल्या, "वहिनी, परवा हळद आहे हो."

मी फॉल ट्यूबलाइटखाली धरला, डोळ्यांजवळ नेला. मला तो निळाच दिसत होता. शेवटी शेजारच्या किराणा दुकानातल्या पोराला हाक मारली. "काळा आहे की, काकू," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही विचारलं नाही.

रात्री दीडपर्यंत बसून तो फॉल उसवला. दोराही काळाच घेतला होता. नवा फॉल आणि रीळ आमच्या ह्यांना निवडायला लावलं. एकतीस वर्षं सांगलीत गावभागात फॉल-पिको करते मी. साडी हातात आली की न बघता डब्यातून फॉल काढणारी बाई म्हणून माझं नाव, आणि ज्यांना मोरपंखी आणि चिंतामणी यांतला फरक जन्मात कळला नाही, त्यांना विचारून रंग ठरवायची वेळ आली.

खरं तर वर्षभर आधीपासून कळत होतं. फक्त दोष मी दुसऱ्यावर टाकत होते. आधी एलईडी दिव्यावर, "पूर्वीचा पिवळा बल्बच बरा होता" म्हणून. मग दोऱ्याच्या कंपनीवर. मग चष्मेवाल्यावर, कारण वर्षात दोनदा नंबर बदलला होता. मधले काही महिने तर मी खुशीत होते. बेचाळिसाव्या वर्षापासून सुई ओवायला चष्मा लागायचा, तो एकाएकी लागेनासा झाला. चष्मा काढून ठेवला आणि शेजारणींना सांगत सुटले की माझे डोळे तरुण झाले. संकष्टीला मात्र पंचाईत व्हायची. गच्चीवर ताट घेऊन जावं तर चंद्र एकाऐवजी दोन, कधी तीन, एकमेकांवर सरकलेले. ओवाळायचं कुणाला? मधल्याला ओवाळून खाली यायची. संध्याकाळी बसस्टँडच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की तिचे दिवे फुटलेल्या नारळासारखे चारी बाजूंनी पसरायचे, आणि मी हात ह्यांच्या दंडाला घट्ट धरून उभी.

शालू देऊन झाला, लग्न पार पडलं, आणि तिसऱ्या दिवशी मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. आधी अक्षरांचा तक्ता, उजव्या डोळ्याने ६/३६ आणि डाव्याने ६/१८. म्हणजे ज्याची नजर चांगली त्याला छत्तीस मीटरवरून जे अक्षर दिसावं, ते मला सहा मीटरवरून दिसत होतं. मग डोळ्याचा दाब, मग बाहुली मोठी करायचे थेंब घालून पाऊण तास डोळे मिटून बाकावर, आणि शेवटी त्या हनुवटी टेकवायच्या यंत्रापुढे. बराच वेळ बघून म्हणाली, "काकू, तुम्ही काम काय करता?" मी शालूची हकीकत सांगितली. ती हसली नाही. एका कागदावर डोळा काढला आणि समजावलं.

मला वाटायचं मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वाढणारा पडदा, खरवडून काढायचा. तसं काही नसतं. बाहुलीच्या मागे आपलं स्वतःचं भिंग असतं, पाणी आणि प्रथिनांनी बनलेलं, जन्माला येताना काचेसारखं स्वच्छ. वयाबरोबर त्यातली प्रथिनं गुठळतात आणि भिंग गढूळ होतं, पिवळं, मग तपकिरी. "पिवळं भिंग आधी निळा प्रकाश अडवतं," ती म्हणाली. "नेव्हीतला निळा काढून घेतला की काय उरेल?" ते मला एकतीस वर्षांच्या धंद्याने लगेच कळलं. सुईचं कोडंही तिनेच सोडवलं. भिंगाचा गाभा घट्ट होत जातो तसा डोळ्याचा नंबर उणेकडे सरकतो, त्यामुळे जवळचं काही दिवस बिनचष्म्याचं दिसतं. तारुण्य वगैरे काही नव्हतं ते. दोन-तीन चंद्रही त्या भिंगाचेच.

मग औषधांची चौकशी. साखर? काठावर. दमा? नाही. तंबाखू, मिश्री? मिश्री सोडून वीस वर्षं झाली. मार लागला होता का कधी डोळ्याला? नाही. "सांधेदुखीला काही घेता?" इथे मी अडखळले. गुडघ्यासाठी अडीच वर्षं पुड्या घेत होते, एका ओळखीच्या माणसाकडून. पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी जिना चढता यायचा, इतका गुण. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. अशा झटपट गुण देणाऱ्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि स्टेरॉइड लांब मुदतीने पोटात गेलं की भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरतो. माझ्या डोळ्यात गाभ्याचा होताच, मागच्या बाजूचाही होता. पुड्यांनीच झाला असं ती म्हणाली नाही. एकसष्टाव्या वर्षी वय हे कारण पुरेसं असतं. पण पुड्या बंद करायला लावल्या, त्याही एकदम नाही. आधी फिजिशियनला दाखवा आणि त्यांच्या सांगण्याने कमी करा, कारण स्टेरॉइड अचानक तोडलं तर शरीर कोसळतं. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन गुडघ्याचं बिंग फुटलं.

"थांबवता नसता का आला?" मी विचारलं. पूर्ण नाही, ती म्हणाली. लांबवता येतो. साखर ताब्यात ठेवायची, तंबाखू-विडी नाही, उन्हात जाताना चांगला गॉगल किंवा टोपी, आणि मनाने स्टेरॉइड नाही, ना गोळी, ना डोळ्याचे थेंब. डोळे लाल झाले की मेडिकलमधून आणतात ते थेंबसुद्धा त्यात आले. एकदा गढूळ झालेलं भिंग परत स्वच्छ करणारं औषध मात्र आजपर्यंत निघालेलं नाही. ह्यांच्या मोबाइलवर एक मेसेज होताच, कांदा, आलं आणि लिंबाचा रस मधात घालून डोळ्यात सोडायचा. तो त्यांनी मोठ्या आशेने पुढे केला. डॉक्टरने वाचला, मोबाइल परत दिला आणि शांतपणे म्हणाली, "काका, हे भाजीत घाला. डोळ्यात घातलेले पेशंट मी पाहिलेत, बुबुळ भाजून येतात."

घरी मला अडवणारे दोन आवाज होते. एक नणंदेचा: "पिकू दे आधी, कच्चा काढू नये." दुसरा माझ्या मनातला, तो सासूबाईंचा. १९८४ साली त्यांचा मोतीबिंदू शाळेत भरलेल्या शिबिरात काढला. वर्गातले बाक बाहेर आणि आत ओळीने सतरंज्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या, मान हलू नये म्हणून. किती दिवस त्या उताण्या पडून होत्या. तेव्हा भिंग काढायचे आणि त्या जागी काही घालायचे नाहीत. मग सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. त्यातून सगळं पाव पटीहून मोठं आणि जवळ दिसायचं. सासूबाई चहा ओतायच्या तो कपाच्या अलीकडे. पायरी आहे तिथे पाय पोचायचा नाही. त्या वर्षभर जिन्यावरून बसून बसून उतरल्या. माझ्या डोक्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे ते.

'पिकू दे'चं उत्तर डॉक्टरने दिलं. टाक्यांच्या काळात ते ठीक होतं. आता भिंग आतल्या आत कंपनलहरींनी फोडून शोषून घेतात. जितकं घट्ट पिकलेलं तितकं फोडायला जड. आणि फारच पिकू दिलं तर ते फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाब वाढवतं. हे ऐकलं आणि माझ्या आत्याचा लाल, ठणकणारा डोळा आठवला. शेवटी 'काचबिंदू झाला' म्हणाले होते आणि नजर गेली ती आलीच नाही. ती पण पिकायची वाट बघत होती. ऑपरेशन कधी करायचं? तुमचं रोजचं काम अडायला लागलं की. माझं तर हळदीच्या दोन दिवस आधी अडलं होतं.

डोळ्यात परकी वस्तू कायमची ठेवायची, ती सडत नाही का, हेही मी विचारलं. त्यावर तिने मला विमानाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात कॉकपिटच्या छताचे तुकडे घुसले होते. काचेसारखं दिसणारं ते प्लास्टिक. हॅरोल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या लक्षात आलं की ते तुकडे डोळा निमूट सहन करतो. त्याच प्लास्टिकचं भिंग करून त्याने १९४९ मध्ये लंडनला पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. म्हणजे सासूबाईंच्या शिबिराच्या पस्तीस वर्षं आधी! ते सतरंजीपर्यंत पोचायला मात्र फार वेळ लागला. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलने १९९२ पासून स्वतःच भिंगं बनवायला घेतली, तेव्हा ती गरिबाच्या आवाक्यात आली.

आता लेन्स निवडायची. हे काम डॉक्टर करत नाही, तिथे एक काउन्सेलर मुलगी असते, तिच्यापुढे रंगीत तक्ता. साधी, त्याहून बरी, परदेशी, आणि सगळ्यात वर मल्टिफोकल, 'चष्मा विसरा' असं लिहिलेली. साध्या आणि मल्टिफोकलच्या भावात चौपट फरक. मुलीने पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, पैशाचा विचार करू नको, वरची घे." मी घेणारच होते. पण परत आत जाऊन डॉक्टरला विचारलं, ते बरं झालं. मल्टिफोकलमध्ये येणारा प्रकाश लांबच्या-जवळच्यासाठी वाटला जातो. रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात आणि फिक्या छटांमधला फरक थोडा बोथट होतो. पुष्कळांना त्याचं काही वाटत नाही. "पण तुम्ही मोतिया आणि केळीतला फरक ओळखून पैसे कमावता," ती म्हणाली. साधी लेन्स एकाच अंतरावर नीट दाखवते. बहुतेक लोक लांबचं मागतात आणि वाचायला चष्मा लावतात. मी उलटं करू का? मशीनची सुई माझ्या डोळ्यांपासून हातभर. त्या अंतराला लेन्स जुळवली तर दिवसभर चष्मा नको, रस्त्यावर आणि टीव्हीला तेवढा लागेल. ह्यांना ते पटेना. "पैसे देऊन लांबचा चष्मा लावून घेतेस?" म्हणाले. हो, लावून घेते.

मुहूर्त मी काढला. थंडीतच करावं असं काही नसतं, कोणत्याही ऋतूत करतात. लग्नसराईत मला बसून चालणार नव्हतं. आषाढात लग्नं नाहीत, साड्या नाहीत, तेव्हा उजवा डोळा. डावा पितृपंधरवड्यात, गणपती उठले की, तेव्हाही कुणी नवी साडी घेत नाही. नणंद म्हणाली, पक्षात कुणी डोळा कापून घेतं का? म्हटलं, सासूबाई वरून बघतील आणि समाधान पावतील. मुलीची धास्ती वेगळीच, पुराची. २०१९ ला आमच्या घरात पुरुषभर पाणी होतं. गावभागात पावसाळ्यात कृष्णेवर एक डोळा ठेवूनच राहावं लागतं आणि माझा एक डोळा बांधलेला असणार. आयर्विन पुलाची पातळी चाळीस फुटांना गेली की थेंबांच्या बाटल्या घेऊन पुण्याला यायचं, असं कबूल करून घेतलं तिने.

आदल्या तपासण्यांत रक्त, साखर, ईसीजी, आणि लेन्सचा नंबर काढायला डोळ्याची लांबी मोजणं. एक गंमत म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीत मिठाचं पाणी सोडून विचारतात, "घशात खारट लागलं का?" लागलं म्हणजे नळी मोकळी, तिथे जंतू साचलेले नाहीत. ह्यांनाही त्या दिवशी एक शहाणपण मिळालं. ते लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन घेतात. त्या गोळीने डोळ्यातला रंगीत पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशनमध्ये लपलपतो, तेव्हा काका, तुमची पाळी येईल त्या वेळी आधी सांगा, असं बजावलं. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी संबंध असेल हे कुणाच्या स्वप्नात येईल? इन्शुरन्सचं मी लांबवत नाही: आमच्या पॉलिसीला दोन वर्षं झाल्याशिवाय मोतीबिंदूचा खर्च मिळत नाही, आणि झाल्यावरही प्रत्येक डोळ्याला ठरावीक रकमेची मर्यादा. पॉलिसीचा तो बारीक छापा आमच्या घरात वाचायचा कुणी? मी तर वाचू शकत नव्हते.

ऑपरेशनच्या दिवशी उजव्या भुवईवर पट्टी चिकटवून बाण काढला. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीनदा नाव आणि कोणता डोळा ते विचारलं. दर पंधरा मिनिटांनी थेंब. आत टेबलावर तोंडावर हिरवं कापड आलं, हनुवटीपाशी ऑक्सिजनची नळी, आणि फक्त एका डोळ्यापुरती खिडकी. इंजेक्शन नाही, थेंबांनीच बधिर. "खोकला आला तर आधी सांगा, हलू नका." मला त्याच क्षणी घशात खवखवलं. आवंढे गिळत राहिले.

दुखलं नाही. दाब जाणवला आणि पाणी वाहत राहिलं. पण दिसतं ते सांगायलाच हवं. वर तीन पांढरे दिवे होते, ते हळूहळू विरघळले. मग गुलबक्षी रंग पसरला, त्यात निळं काहीतरी तरंगत आलं, कडेने अबोली, आणि सगळं ओल्या रेशमासारखं हलत होतं. भिंग फुटत होतं आणि मी रंग मोजत होते. यंत्राचा आवाज घूं करत चढायचा, उतरायचा. मग एकदम सगळं धूसर. भिंग गेलं होतं, नवं यायचं होतं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात मला सासूबाई आठवल्या. त्या या धूसरात राहिल्या होत्या, चष्म्यासकट, सोळा वर्षं. "आता लेन्स आत जातेय, काकू." घडी घातलेली भिंगाची चकती अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून जाते आणि आत उलगडते, जशी घडीची साडी. टाका नाही. वीस मिनिटांत बाहेर, आणि हातात चहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. समोर खिडकीला पडदा होता. आदल्या दिवशी मी त्या पडद्याकडे दोन तास बघत बसले होते आणि मनाशी त्याला बाटलीहिरवा म्हटलं होतं. तो चिंतामणी होता. मी नर्सला म्हटलं, "पडदा बदलला का हो?"

पुढचे दीड महिने थेंबांचे. एक जंतू मारणारा, एक सूज उतरवणारा, दुसरा दिवसातून सहा वेळा आणि मग दर आठवड्याला एक कमी. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. बाटलीचं टोक पापणीला लागता कामा नये, हे ह्यांना जमेना. शेवटी मी उताणी पडून स्वतःच घालायला शिकले. रात्री प्लास्टिकची वाटी डोळ्यावर चिकटवून झोपायचं, डोक्यावरून पाणी नाही, फोडणीच्या धुरात उभं राहायचं नाही, डोळा चोळायचा नाही. वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं आठवडाभर, ते चालतं. पण दुखणं वाढलं, लाली वाढली, किंवा काल दिसत होतं ते आज कमी दिसलं, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा, हे त्यांनी कागदावर लाल शाईने लिहून दिलं होतं. तशी वेळ आली नाही. कृष्णाही त्या वर्षी पुलाखालीच राहिली.

मधल्या त्या दोन महिन्यांत माझ्याकडे एक नवा डोळा आणि एक जुना होता. रुमाल घेऊन उजवा झाकला की पांढरी उशी चहात बुडवल्यासारखी. डावा झाकला की निळसर शुभ्र. नवं भिंग निळा अडवत नाही, त्यामुळे सुरुवातीला सगळंच जरा थंड दिसतं. एका दुपारी मी फॉलचा डबा जमिनीवर ओतला. काळ्यांचा गठ्ठा सोडला. त्यात सात नेव्ही निघाले आणि दोन गडद वांगी. नेव्हीच्या गठ्ठ्यात चार काळे. आमसुली आणि तपकिरी तर एकमेकांत नांदत होते. गठ्ठे परत बांधताना मी हिशेब करत होते: गेल्या वर्षभरात या डब्यातून किती साड्यांना फॉल गेले असतील? ओरडत आल्या त्या एकट्या शालूवाल्या बाई. बाकीच्यांनी पैसे दिले आणि पुढच्या वेळी दुसरीकडे गेल्या असतील.

पितृपंधरवड्यात डावा झाला. तो जास्त जाणवला. दुखला नाही म्हणता येणार नाही. डॉक्टर म्हणाली, पुष्कळ जण असंच सांगतात. पहिल्या वेळी माणूस घाबरण्यात इतका गुंतलेला असतो की दुखण्याकडे लक्ष जात नाही. पुढे कधी लेन्सच्या मागचं पापुद्र्याएवढं आवरण गढूळ झालंच, तर लेझरने काही मिनिटांत मोकळं करतात, पुन्हा टेबलावर झोपायला लागत नाही. दोन्ही लेन्सची स्टिकर लावलेली कार्डं पॉलिसीच्या फाइलीत आहेत. सुई मी बिनचष्म्याची ओवते. रस्त्यावर मात्र चष्मा घरी विसरले तर लांबून ह्यांना ओळखत नाही, आणि ते रागावतात.

मार्गशीर्षात शालूवाल्या बाई आल्या. मुलीच्या डोहाळजेवणाची साडी, पोपटी, डाळिंबी काठाची. दोन दिवसांनी न्यायला आल्या तेव्हा साडीची घडी मोडली, काठ उलटा केला आणि दारात उन्हात नेऊन बघितला. मी मशीनवरून उठले नाही. साडी द्यायच्या आधी तिथेच, त्याच उन्हात, मी तो दोनदा बघून घेतला होता.